आई पडवीत गेली की विकेट पडते

आमच्या घरात एक नियम होता. भारताची बॉलिंग चालू असेल आणि समोरची जोडी फुटत नसेल तर आईने उठून पडवीत जायचं. अण्णा टीव्हीवरची नजर न हटवता म्हणायचे, "अगो, जरा भायर जा मगो, ह्येंची जोडी फुटत नाय." की आई हातातल्या वाती, कापूस, जे काय असेल ते घेऊन बाहेर. आणि खरंच, बऱ्याचदा पडायची विकेट. मग बाहेरून आवाज, "गेलो काय वो?" आणि अण्णा उठून पडवीच्या दाराशी जाऊन तिला सगळं सांगणार, कोणी टाकला, कसा उडाला, कोणी पकडला. नुसतं सांगणार नाही, करून दाखवणार. दोनदा.

बाहेरच्या लोकांना हा वेडेपणा वाटेल पण आम्ही दोघं भावंडं ह्यातच वाढलो. मालवण तालुक्यात आचऱ्याच्या जवळ आमची वाडी, अण्णा एसटीत कंडक्टर, मॅचच्या दिवशी ड्यूटी असली तर कोणातरी पॅसेंजरच्या ट्रान्झिस्टरला कान लावून पुढच्या स्टॉपवर चढणाऱ्याला तिकिटाबरोबर स्कोअर द्यायचे. मी आता डोंबिवलीत, दादा पुण्यात. तरी मॅच असली की फोन अण्णांनाच जायचा.

नियम सुरू कधी झाला ते मला पक्कं आठवतं कारण मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि झोपायला जा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. २४ नोव्हेंबर १९९३, हिरो कपची सेमी फायनल, इडन गार्डन्सवर आपण आणि साऊथ आफ्रिका. आपले १९५. घरात टीव्ही नव्हता, रेडिओ होता. शेवटच्या ओव्हरला त्यांना सहा रन हवे आणि अझरने बॉल दिला सचिनला. तेवढ्यात गोठ्यात वासरू हंबरलं म्हणून आई उठून बाहेर गेली, आणि पहिल्याच बॉलला रनआऊट. अण्णा ओरडले, "थयच ऱ्हव! येव नको आत!" ती बिचारी वासराच्या गळ्यात हात टाकून गोठ्यात उभी राहिली. सचिनने ओव्हरमध्ये तीन रन दिले, आपण दोन रनांनी जिंकलो आणि त्या दिवसापासून आई बाहेर.

२००७ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलला पाकिस्तानच्या मिसबाहने तो स्कूप मारला आणि श्रीशांतच्या हातात बॉल गेला तेव्हासुद्धा ती पडवीत होती. अण्णांनी मिटलेली छत्री बॅटसारखी धरून तिला तो शॉट दाखवला होता, गुडघा टेकून, पन्नाशी उलटलेला माणूस. भारत बॉलिंग करून जिंकला अशा कितीतरी मॅच झाल्या, पण त्यातली शेवटची विकेट आमच्या आईने लाईव्ह कधीच बघितली नाही. बघितली ती अण्णांच्या अंगातून.

एकदाच तिने ऐकलं नाही. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबादची फायनल, ऑस्ट्रेलियाबरोबर. दिवाळीनंतरचे दिवस, मी आणि माझा नवरा गावी होतो. आपले २४०, त्यांचे ४७ ला तीन गेले, अण्णा खुशीत. मग हेड आणि लाबुशेन खेळायला लागले ते हलेचनात. अण्णांनी सांगितलं जा बाहेर. आई म्हणाली, "आज मी उठूचंय नाय. वर्ल्ड कपाची फायनल आसा, एकदा तरी माका बघूंदे." बरोबरच होतं तिचं. पण हेडने १३७ मारले आणि आपण सहा विकेटनी हरलो. टीव्ही बंद करून अण्णा ताटावरून उठता उठता बोलून गेले, "तुका सांगलंय भायर जा म्हणान, ऐकूक नाय तू." एवढंच. रागाने पण नाही, दमलेल्या आवाजात. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चहा, नेहमीसारखं बोलणं. मी विसरूनही गेले. आई विसरली नव्हती हे मला सात महिन्यांनी कळलं.

अण्णा गेले १७ जून २०२४ ला पहाटे. झोपेतच. दोन दिवस आधी टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमधली आपली कॅनडाबरोबरची मॅच फ्लोरिडात मैदान ओलं म्हणून एकही बॉल न टाकता रद्द झाली होती आणि मी त्यांना फोन केला होता, तर म्हणाले, "हयचो पाऊस थय जावन पडलो मगो." आणि मग म्हणाले, "जावंदे, आता सुपर एट." माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं ते. तब्येत कशी आहे, औषध घेतलं का, हे त्या दिवशी मी विचारलंच नाही, आणि त्याचं मला पुढे खूप दिवस लागून राहिलं. आता नाही वाटत तसं. त्यांना काय बोलायचं होतं तेच आम्ही बोललो.

पहिले दिवस कसे गेले ते लिहीत नाही, ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहितीये. कोकणातला जूनचा पाऊस, नळ्यांवरून धो धो, पडवीला बांधलेली निळी ताडपत्री रात्रभर फडफडतेय, माणसं येताहेत जाताहेत, चहाची भांडी, ओले पंचे वाळत नाहीत. टीव्हीवर काकीने चादर टाकून ठेवलेली. आणि दादा आणि मी, आम्ही तीन वर्षं एकमेकांशी नीट बोलत नव्हतो. कलमांची बाग कराराने द्यायची की नाही यावरून झालेलं, त्यात दोन्हीकडून बोलू नये ते बोललं गेलं. आता बोलत होतो पण कामाचं. भटजींना फोन केलास का. तांदूळ किती आणायचे. पत्रावळ्या.

चौथ्या दिवशी रात्री, जेवणं उरकल्यावर, मी मागच्या दाराने निघून बावीकडे गेले. आमच्याकडे नेटवर्क फक्त बावीच्या पलीकडच्या माडाखाली येतं, ते पण एक काडी, हलली तर गेली. छत्री घेऊन गेले तर तिथे आधीच एक छत्री. दादा. मोबाईलचा उजेड तोंडावर, आणि मला बघून त्याने चटकन फोन खिशात टाकला, लहानपणी चिंचा चोरताना पकडला गेल्यावर करायचा तसा.

मी म्हटलं, "किती झाले?"

तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "एकशे एक्याऐंशी केले आपण. सूर्याने त्रेपन्न. अफगाणिस्तानच्या पाच गेल्या."

आणि मला रडू फुटलं. अण्णांना नेलं तेव्हा मी अशी रडले नव्हते जशी त्या माडाखाली सूर्यकुमारचा स्कोअर ऐकून रडले. दादाने त्याची छत्री माझ्या छत्रीला टेकवली. आम्ही तसेच उभे राहिलो शेवटची विकेट पडेपर्यंत, पान रिफ्रेश करत, एकेक आकडा दोन दोन मिनिटांनी. सत्तेचाळीस रनांनी जिंकलो. परत येताना तो म्हणाला, "अण्णा म्हणाले असते अफगाणिस्तानला हरवलं त्यात काय मोठं." मी म्हटलं, "नाही, ते म्हणाले असते बुमराह बघ, बुमराह." तीन वर्षांत पहिल्यांदा आमचं असं काहीतरी बोलणं झालं ज्याचा काही उपयोग नव्हता.

मग ते रोजचंच झालं. बांगलादेशच्या मॅचला पण गेलो. आठव्या दिवशी ऑस्ट्रेलिया होती, रोहितने ४१ बॉलमध्ये ९२ मारले, स्टार्कच्या एका ओव्हरमध्ये २९ आले, आणि आम्ही दोघं बावीवर दबक्या आवाजात "अजून एक, अजून एक" करत असताना मागून कंदिलासारखा उजेड आला. आई. एका हातात टॉर्च, डोक्यावर इरलं धरल्यासारखं प्लास्टिक. आम्ही गप्प. ती म्हणाली, "हेड गेलो काय?" म्हटलं अजून आपली बॅटिंग चालू आहे गं. "बरां," म्हणाली, आणि परत गेली. नंतर हेड ७६ करून बुमराहला आऊट झाला, चोवीस रनांनी जिंकलो, ते सांगायला दादा आत गेला तर ती जागीच होती. तिने एवढंच विचारलं, कोणी पकडलो. रोहितने, दादा म्हणाला. ती कूस बदलून झोपली.

दहाव्याच्या दिवशी तळ्याकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. पाऊस नुकताच थांबलेला, झाडं गळताहेत, कावळे समोर फणसावर बसलेत तीन चार, बघताहेत, उतरत नाहीत. सगळ्यांनी सांगून झालं. दादा म्हणाला आईला आम्ही बघू, काळजी करू नका. कावळा नाही. मी म्हटलं दादा आणि मी भांडणार नाही परत. नाही. काका म्हणाले बाग विकणार नाही. तरी नाही. अर्धा तास झाला, भटजी दर्भाचा कावळा करूया म्हणायला लागले, आईने पदर तोंडाला लावलेला. तेव्हा आमचा चुलतभाऊ, जो अण्णांबरोबर प्रत्येक मॅच बघायला समोरच्या घरातून यायचा, तो पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, "अण्णानु, उद्या सेमी आसा. टीव्ही लावतलंव आमी. तुमी जेवा."

आणि शिवला. कोणी काहीही म्हणा. मी तिथे होते.

सुतकात टीव्ही लावायचा म्हणजे आमच्या काकांसारख्या माणसाला जड होतं, पण आता शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच चादर काढून घडी घातली. गयानामध्ये पाऊस, मॅच उशिरा सुरू झाली, संपायला इकडे रात्रीचा एक वाजून गेला, आणि इंग्लंड १०३ मध्ये गेलं तोवर आमच्या ओटीवर वाडीतली बाराएक माणसं होती. सतरंजीवर, भिंतीला टेकून. कोणी आरडाओरडा केला नाही. विकेट पडली की फक्त एकमेकांकडे बघायचे. आई माजघराच्या उंबऱ्यात बसून होती, आत ना बाहेर.

आणि फायनल आली बरोब्बर तेराव्याला. २९ जून, शनिवार. दिवसभर माणसं, गोडाचं जेवण, सगळ्यांना निरोप देऊन होईस्तोवर संध्याकाळ. मुंबईला जाणारे तुतारी एक्सप्रेसने जायचे होते कणकवलीहून, त्यातल्या चौघांनी तिकीट सोडलं, म्हणाले उद्या जाऊ. चुलतभावाने लाईटचा भरवसा नाही म्हणून त्यांच्या घरचा इन्व्हर्टर बॅटरीसकट हातगाडीवर घालून आणला.

मॅच सगळ्यांनी बघितलीये, मी काय सांगू. ३४ ला तीन गेले तेव्हा काका उठून देवाला दिवा लावून आले. कोहली ७६, अक्षरचे ४७, एकूण १७६. मग साऊथ आफ्रिकेची बॅटिंग, आणि क्लासेनने अक्षरला एका ओव्हरमध्ये २४ काढले. ३० बॉलमध्ये ३० रन. हातात सहा विकेट. ओटीवर असली शांतता की पागोळ्यांचा आवाज ऐकू यायला लागला. दादा माझ्या बाजूला, त्याचा हात माझ्या मनगटावर होता आणि ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. बुमराहने ओव्हर टाकली, चारच दिले, २४ बॉल २६.

मग पंतच्या गुडघ्याचं काहीतरी झालं, फिजिओ आत आला, पट्टी बांधत होते, खेळ थांबला. आणि त्या थांबलेल्या वेळात आई उठली.

कोणी काही बोललं नव्हतं तिला. कोणाची हिंमतच नव्हती. तिने कोनाड्यातला कापसाचा डबा घेतला, साडी सारखी केली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी भायर जातंय. त्या दिवशी जावंक व्हया होतंय." दार उघडलं, पावसाचा थंड झोत आला आत, आणि दार ओढून घेतलं तिने.

मी उठायला लागले तर दादाने मनगट दाबलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमची डिश, आणि समोर चुलतभावाच्या घरी केबल. केबल आमच्यापेक्षा दोन तीन सेकंद पुढे. त्या घरात काकी आणि पोरं बघत होती. तर आमच्या टीव्हीवर हार्दिक अजून रनअपवर होता, बॉल हातात होता त्याच्या, आणि बाहेरून, पडवीतून, आईचा आवाज आला.

"गेलो रे! गेलो!"

मग हार्दिकने बॉल टाकला, क्लासेनने बॅट घातली, कड लागली, पंतने पकडला.

ओटीवर जे काही झालं ते मला सांगता येणार नाही. तेरा दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं, काका रडत होते, चुलतभाऊ भिंतीवर हात आपटत होता. आणि मला त्या क्षणी कळलं की आईला इतकी वर्षं सगळं आमच्या आधी कळत होतं. पडवीत बसून समोरच्या घराचा ओरडा तिला पहिला ऐकू यायचा. तरीसुद्धा ती दर वेळी "गेलो काय वो?" विचारायची, आणि अण्णा उठून दाराशी जायचे.

ती आत आलीच नाही मग. यानसन गेला तेव्हा बाहेरून आवाज. शेवटच्या ओव्हरला १६ हवे होते, मिलरने पहिलाच बॉल उचलला आणि आम्ही सगळे श्वास धरून असताना बाहेरून आधी काहीच नाही, मग समोरून किंचाळी, मग आईचं "गेलो", ह्या वेळी हळू. सूर्याने तो बॉल दोरीच्या आत पकडला, वर उडवला, स्वतः बाहेर गेला, परत आत येऊन धरला. सात रनांनी जिंकलो. हार्दिक मैदानावर रडतोय, रोहित पालथा पडून जमिनीवर हात मारतोय. आणि वाडीत त्या पावसात कोणीतरी फटाके लावले, गणपतीचे ठेवलेले असणार.

मी दार उघडलं. आई पायरीवर, मांडीत वळलेल्या वातींचा ढीग. डोळे कोरडे. ती माझ्या मागे बघत होती, दाराकडे. आणि माझ्या आधी दादाच्या लक्षात आलं.

तो बाहेर आला, त्याने अण्णांचा पंचा वळकटी करून बॉल केला, कपडे वाळत घालायचा सुंभ खाली जमिनीवर आडवा टाकला, म्हणाला ही बाऊंड्री. आणि सूर्याचा कॅच करून दाखवला तिला. पळत आला, पंचा पकडला, वर फेकला, सुंभाच्या पलीकडे पाय, परत अलीकडे, पकडला. शेहेचाळीशीला टेकलेला माणूस, डोक्यावर तेरा दिवसांचे खुंट आलेले केस.

आई बघत राहिली. मग म्हणाली, "परत एकदा दाखय. ते दोनदा दाखयत."

त्याने परत दाखवला.

बागेचं नंतर आम्ही दोघांनी बसून ठरवलं, तो विषय इथे नको.

२०२५ ला, २ नोव्हेंबरला मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल होती, नेरूळला डीवाय पाटीलवर, परत साऊथ आफ्रिकाच. मला तिकीट मिळालं नाही, घरी बघत होते. आई गावी. पावसाने मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, आपले २९८, आणि वोलवार्ट उभी राहिली, हलेना. मी दादाला मेसेज केला, आईला सांगायचं का बाहेर जायला. त्याचा रिप्लाय, तू सांग. मी म्हटलं तू सांग. शेवटी कोणीच नाही सांगितलं. वोलवार्टने शंभर पण केले. मग अमनजोतने तिचा तो कॅच दोन तीनदा सुटता सुटता धरला आणि मला वाटलं आई पडवीत गेली असणार.

रात्री बाराच्या पुढे मॅच संपल्यावर व्हिडिओ कॉल आला. दादा पण कॉलवर होता. आईने मोबाईल देव्हाऱ्याच्या कठड्याला टेकवून ठेवलेला, तिचा अर्धा चेहरा आणि मागे ओटी दिसत होती. म्हटलं कुठे होतीस गं, पडवीत? "नाय गो," म्हणाली, "आज हयच बसलंय. चेडवां खेळत होती, बघूक नको?" मग म्हणाली, "हरमननं धरलेलो कॅच बघलास काय? थांब."

आणि ती मागे सरकली, पदर खोचला, मान वर करून, हात पुढे धरून, ओटीवरनं उलट्या पावलांनी माजघराच्या दारापर्यंत गेली, तिथे दोन्ही हातांनी तो न दिसणारा बॉल छातीशी धरला. काकी मागून ओरडत होती, पडशील गो, पडशील. आई धापा टाकत मोबाईलपाशी परत आली, आम्ही दोघं काहीतरी बोलणार इतक्यात बोट वर करून थांबवलं तिने आम्हाला, आणि परत मागे निघाली.